रोजच्या स्पोर्ट्स कारला ॲडजस्टेबल सस्पेंशन: गोव्यातल्या रस्त्यांसाठी कसं निवडायचं, कसं बसवायचं

"कॉइलओव्हर घ्यायचेत, कुठला सेट घेऊ?" म्हापशापासून मडगावपर्यंत गाडीवेड्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तरात लगेच कंपन्यांची नावं सुरू होतात. माझ्या ऑक्टाव्हिया व्हीआरएससाठी मी ही सगळी प्रक्रिया पार पाडली आहे. माझा रोजचा रस्ता फोंडा ते पणजी, सुट्टीच्या दिवशी घाट, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) घरची सगळी माणसं घेऊन मूळ घर. या अनुभवावरून माझं मत पक्कं झालं आहे की कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. रोज चालवायच्या गाडीत आधी बघायचं ते एकच: गाडी हव्या त्या उंचीवर आणल्यावर चाकाला वर-खाली व्हायला किती जागा उरते. ही जागा पुरेशी उरली तर मध्यम किमतीचा सेटसुद्धा समाधान देतो. ती संपली तर कितीही महागडा सेट प्रत्येक खड्ड्यात धाडकन आपटतो.

पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्यावर बसलेली स्प्रिंग असा एकत्र संच. शॉकच्या अंगावर आटे असतात आणि त्यावर फिरणाऱ्या रिंगमुळे गाडीची उंची कमी-जास्त करता येते. काही सेटमध्ये वर किंवा खाली एक नॉबही असतो, त्याने शॉकचा कडकपणा बदलतो. पोलो जीटीआय, मिनी कूपर एस, व्हीआरएस, झेड४ अशी कुठलीही गाडी असो, पुढचे टप्पे सारखेच आहेत.

१. आधी आहे ते सस्पेंशन तपासून घ्या

गाडी वळणावर डोलते, ब्रेक मारल्यावर नाक खूप खाली जातं, खड्ड्यात खडखड आवाज येतो, या तक्रारींवर कॉइलओव्हर हा उपाय असेलच असं नाही. आपल्या रस्त्यांवर लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, लिंक रॉड आणि टॉप माउंट (शॉकचं वरचं टोक धरून ठेवणारी बैठक) लवकर जातात. शॉकमधून तेल गळत असेल तर तो कामातून गेलाच आहे. गाडी लिफ्टवर घ्या, बुशला पहार लावून हलवून बघा, बॉल जॉईंटमधला खेळ बघा, टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. नंतर चार दिवस गाडी चालवा.

एवढ्यावर समाधान झालं आणि उंची बदलायची हौस नसेल, तर कॉइलओव्हरच्या भानगडीत पडू नका. मूळ स्प्रिंगवर चालणारे चांगले शॉक मिळतात. बिल्स्टाइनचा बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठीच बनतो आणि कोनीचा स्पेशल ॲक्टिव्ह खड्ड्यांच्या झटपट धक्क्यांना मऊ राहतो. गोव्यातल्या निम्म्याअधिक स्पोर्टी गाड्यांना तेवढंच पुरेल असं मला मनापासून वाटतं. तरीही उंची आणि कडकपणा दोन्ही आपल्या हातात हवे असतील तर पुढे वाचा.

२. आपले रस्ते वहीत उतरवा

हा टप्पा सगळे टाळतात आणि नंतर त्याचीच किंमत मोजतात. महिन्याभरात गाडी जिथे जिथे जाते त्या जागांची यादी करा. माझ्या यादीत काय होतं ते सांगतो. फर्मागुडीचा उतार, म्हार्दोळ-कुंडईचा रस्ता, भोमचा अरुंद पट्टा, जुन्या गोव्याहून पुढे पणजी. घराच्या गेटसमोरचा चढ, जिथे रस्ता संपून चिऱ्यांची फरसबंदी सुरू होते. गावातले उंच गतिरोधक, त्यातले कित्येक बिनरंगाचे. आणि दिवाडीला जायची फेरीबोट.

फेरीबोटीचा रॅम्प हा खाली केलेल्या गाडीचा खरा शत्रू. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, बोटीची फळी त्याला कोनात टेकते आणि त्या कोनात गाडीचा पुढचा ओठ (बंपरची खालची कड) किंवा पोट घासतं. चोडण, दिवाडी, रायबंदर या बाजूला तुमचं येणं-जाणं असेल तर उंचीची मर्यादा तिथेच ठरवा.

दुसरी जागा आतल्या रस्त्यांची कड. पावसाने बाजूची तांबडी माती वाहून जाते आणि डांबराची कड उघडी पडते. समोरून कदंब बस आली की एक चाक खाली उतरवावंच लागतं. त्या क्षणी चाकाला खाली लोंबायला जागा नसेल तर गाडी तिरकी होऊन पोट कडेवर घासते. चाकाला वर जायला जागा लागते हे सगळ्यांना कळतं, खाली जायला लागते हे पुष्कळ जण विसरतात.

आता मोजमापं घ्या. सपाट जागेवर, टाकी अर्धी भरलेली असताना, चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज यांमुळे तो आकडा बदलतो. नंतर पुढच्या ओठाखाली, इंजिनच्या खालच्या गार्डखाली आणि एक्झॉस्टखाली किती जागा आहे ते टिपून ठेवा. शक्य असेल तर शॉकच्या दांड्याला धुळीचं रबर वर करून एक केबल टाय सैलसर बांधा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. टाय जिथे सरकून थांबेल तिथवर चाक वर गेलं होतं असा अर्थ. आपल्या रस्त्यावर खरोखर किती हालचाल लागते ते त्यावरून कळतं. हा आकडा हातात असलेल्या ग्राहकाला दुकानदार सहज फसवू शकत नाही.

३. स्प्रिंगचा आकडा वाचायला शिका

इथे थोडं गणित आहे, कंटाळू नका. संपूर्ण निवडीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये किंवा किलो प्रति मिलिमीटरमध्ये देतात. १ किलो प्रति मिमी म्हणजे साधारण ९.८ न्यूटन प्रति मिमी. जपानी आणि तैवानी कंपन्या बहुधा किलोत सांगतात, युरोपीय न्यूटनमध्ये. नुसता आकडा मात्र काही सांगत नाही, कारण ८ किलोची स्प्रिंग जड गाडीत ठीक वाटते आणि हलक्या गाडीत हाडं खिळखिळी करते. म्हणून तुलना हर्ट्झमध्ये करायची, म्हणजे गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल ते. साधी आरामशीर गाडी सव्वा हर्ट्झच्या आसपास असते. रस्त्यावरची स्पोर्टी गाडी दीड ते पावणेदोन. दोनच्या वर गेलात की ट्रॅकच्या मुलखात शिरलात.

सूत्र असं: चाकापाशी लागणारा कडकपणा = एका कोपऱ्यावरचं वजन × हर्ट्झचा वर्ग × ०.०३९५. वजन किलोत घ्यायचं आणि त्यातून चाक, ब्रेक, हब यांचं वजन वगळायचं. उत्तर न्यूटन प्रति मिमीमध्ये येतं.

पुढच्या एका कोपऱ्यावर ४०० किलो धरा. दीड हर्ट्झसाठी ३५ ते ३६ न्यूटन प्रति मिमी लागतात, १.८ हर्ट्झसाठी ५१, दोन हर्ट्झसाठी ६३. याच गाडीला कोणी ८ किलोची पुढची स्प्रिंग देऊ केली तर ती जवळजवळ सव्वादोन हर्ट्झ होते. पर्वरीतून रोज ये-जा करणाऱ्याला ती चालणार नाही.

मागच्या बाजूला एक फसवा भाग आहे. पुढे बहुतेक गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) असतो, तिथे स्प्रिंगचा आकडा आणि चाकापाशीचा आकडा जवळपास सारखाच येतो. मागे मल्टिलिंक (एका चाकाला अनेक आर्म) असेल तर स्प्रिंग बहुधा शॉकपासून वेगळी, चाकापासून आत, आर्मवर बसते. चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग समजा ०.६५ मिमीच दबते. मग चाकापाशीचा कडकपणा ०.६५ च्या वर्गाने कमी होतो. ८० न्यूटनची मागची स्प्रिंग चाकापाशी फक्त ३४ न्यूटनची उरते. त्यामुळे मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. हे गुणोत्तर विक्रेत्याला विचारा. मागची बाजू हर्ट्झमध्ये पुढच्यापेक्षा किंचित जास्त असावी. म्हणजे गतिरोधक ओलांडल्यावर गाडी पुढे-मागे झुलत राहत नाही.

४. उरलेली जागा मोजा

उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते तेही हर्ट्झवरून निघतं. दीड हर्ट्झला ११० मिमी, १.८ ला ७७, दोनला ६२. म्हणजे शॉकचा एकूण स्ट्रोक (दांड्याची पूर्ण हालचाल) १५० मिमी असेल, पुढे मॅकफर्सन असेल आणि प्रीलोड दिलेला नसेल, म्हणजे स्प्रिंग आधीच आवळून ठेवलेली नसेल, तर दीड हर्ट्झच्या स्प्रिंगवर वर जायला फक्त ४० मिमी उरतात. त्यातही बंप स्टॉपचं, म्हणजे शॉक शेवटाला आपटू नये म्हणून लावलेलं रबर बसायचं असतं. १.८ हर्ट्झला ७३ मिमी उरतात. खाली केलेल्या गाडीला कडक स्प्रिंग का देतात याचं उत्तर या आकड्यांत आहे. कमी जागेत तेवढाच धक्का थांबवायचा असतो. "गाडी ४० मिमी खाली आणि मूळ स्प्रिंगइतकीच मऊ" असं आश्वासन कोणी दिलं तर त्याला स्ट्रोकची लांबी विचारा.

माझा स्वतःचा दंडक असा आहे: रोजच्या वापरात पुढच्या चाकाला बंप स्टॉप लागेपर्यंत वर जायला किमान ६० मिमी आणि खाली लोंबायलाही साधारण तेवढीच जागा हवी. यापेक्षा कमी असेल तो सेट यादीतून काढून टाका.

उंची बदलण्याच्या दोन पद्धती असतात आणि त्यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात स्प्रिंगखालची रिंग खाली-वर फिरवतात. गाडी खाली केली की वर जायची जागा तेवढीच कमी होते. दुसऱ्या प्रकारात शॉकचा खालचा ब्रॅकेटच आट्यावर फिरतो, त्यामुळे शॉकची एकूण लांबी बदलते आणि शॉकच्या आतली जागा तशीच राहते. टाइनचा फ्लेक्स झेड आणि बीसी रेसिंगचा बीआर हे दुसऱ्या प्रकारातले. पण इथेही टायर फेंडरच्या आत जाऊन लागणार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, कारण शॉकमधली जागा शिल्लक असली तरी चाकावरची संपलेली असू शकते.

प्रीलोडबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की स्प्रिंग आधीच आवळली की गाडी कडक होते. सरळ स्प्रिंगचा कडकपणा आवळल्याने बदलत नाही. बदलतो तो वरच्या आणि खालच्या जागेचा वाटा. जास्त आवळलीत तर खाली लोंबायची जागा जाते आणि खड्ड्याच्या कडेवर टायर हवेत राहतो.

आणखी एक सापळा भारतीय गाड्यांचा. आपल्याकडे विकलेल्या बऱ्याच युरोपीय गाड्यांची उंची मूळ युरोपातल्यापेक्षा जास्त ठेवलेली असते. कॅटलॉगमध्ये "३० मिमी खाली" लिहिलेलं असतं ते युरोपातल्या गाडीच्या तुलनेत. आपल्या गाडीवर तोच सेट बसवला की प्रत्यक्षात ती त्याहून जास्त खाली येते. म्हणून किती मिमी खाली ते विचारू नका. चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतर किती मिळतं ते विचारा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.

५. नॉब किती हवेत?

एकही नॉब नसलेला सेट वाईट नसतो. बिल्स्टाइन बी१४ आणि केडब्ल्यू व्हेरिएंट १ मध्ये उंची बदलते, कडकपणा कारखान्यातच ठरवलेला असतो. ज्याला सारखं वाकून क्लिक मोजायची आवड नाही त्याला हे उत्तम.

एका नॉबच्या सेटमध्ये नॉब नेमकं काय बदलतो ते विचारा. केडब्ल्यू व्हेरिएंट २ मध्ये तो फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती सावकाश परत यायची ते. बिल्स्टाइन बी१६ मध्ये दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा अडथळा) दोन्ही एकत्र हलवते. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्येही एकच नॉब दोन्हींना हात घालतो. केडब्ल्यू व्हेरिएंट ३ मध्ये दोन्ही वेगवेगळे आहेत. क्लिकची संख्या हे गुणवत्तेचं माप नाही. तीस क्लिकच्या स्वस्त शॉकमध्ये शेवटच्या काही क्लिकांतच सगळा फरक भरलेला असतो, असं पुष्कळदा दिसतं.

माझी शिफारस: पहिलाच सेट असेल तर नॉब नसलेला किंवा एका नॉबचा घ्या. दोन नॉबचा सेट चुकीच्या जागी लावला तर मूळ सस्पेंशनपेक्षा वाईट चालतो.

आतली रचनाही विचारून घ्या. मोनोट्यूब शॉक उष्णता चांगली बाहेर टाकतो, घाटात लांब उतारावर त्याचा फायदा होतो. पण एकाच नळीत पिस्टन फिरत असल्याने बाहेरून दगडाचा घाव बसून नळीला पोचा आला तर पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबला आत आणखी एक नळी असते, त्यामुळे तो असे घाव जास्त सहन करतो. सांगे, कुडचडे, डिचोलीच्या खाणपट्ट्यात, ट्रकांच्या मागून रोज जाणाऱ्याने हा विचार जरूर करावा.

६. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस

कोरड्या शहरातल्या माणसाचा सल्ला इथे कमी पडतो. मिरामार, दोनापावला, वास्को, कळंगुट भागात रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे नट-बोल्ट कसे गंजतात ते आपण बघतोच. कॉइलओव्हरचे आटे चाकाच्या थेट मागे असतात. पाणी, तांबडी माती आणि मीठ तिथे सतत बसत राहतं. वर्षभर हात लावला नाही तर रिंग जाम होते. मग उंची बदलता येणाऱ्या सेटसाठी पैसे मोजूनही ती बदलता येत नाही.

केडब्ल्यूच्या व्हेरिएंट मालिकेत स्ट्रटचं अंग स्टेनलेस स्टीलचं असतं. किनारपट्टीला राहणाऱ्याने या एका कारणासाठी थोडे जास्त पैसे दिले तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. त्याच घराण्याचा एसटी हा स्वस्त पर्याय आहे, त्यावर जस्ताचा मुलामा असतो. कुठल्याही सेटला आट्यांवर चढवायचे कपडी किंवा निओप्रीनचे मोजे लावताना विचार करा. आत चिखल अडकून ओल धरली तर गंज वाढतो. लावलेच तर पावसाळ्यात काढून धुवा.

टॉप माउंट रबराचाच ठेवा. धातूच्या गोल बेअरिंगचे, ज्यांना पिलोबॉल म्हणतात ते, वळणावर नेमके वाटतात, पण धूळ आणि पाणी शिरलं की टकटक सुरू होते आणि ती थांबत नाही. रोजच्या गाडीत ती सहन होत नाही.

७. कायदा, विमा आणि कागदपत्रं

हे खरेदीच्या आधी करायचं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून आपल्या विभागाच्या वाहतूक कार्यालयात जा, सेटचा तपशील दाखवा आणि लेखी विचारा. "सगळेच लावतात" हे उत्तर अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीत तशी नोंद करून घ्या. न कळवलेला बदल सापडला तर दावा अडकू शकतो. जर्मन सेटसोबत ट्यूव्ह या तिथल्या तपासणी संस्थेचा कागद येतो, तो तिथल्या रस्त्यांसाठी असतो. आपल्याकडे तो दर्जाचा पुरावा म्हणून जपा, परवानगी म्हणून मिरवू नका.

फाइलमध्ये असायला हवं ते:
- आरसी आणि चालू विमा पॉलिसीची प्रत
- वाहतूक कार्यालय आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, पोचपावतीसह
- सेटचं पक्कं बिल, त्यावर पार्ट नंबर छापलेला
- वॉरंटी कार्ड आणि बसवण्याची पुस्तिका
- बसवण्याआधीचा आणि नंतरचा अलाइनमेंटचा छापील अहवाल
- मूळ उंचीच्या मोजमापांचा कागद

मूळ शॉक, स्प्रिंग आणि बोल्ट विकू नका. तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना, वॉरंटीच्या वादात किंवा नवा शॉक दुरुस्तीला गेला असताना तेच कामी येतात.

८. खरेदी

ऑर्डर गाडीच्या चॅसिस नंबरवरून द्या, मॉडेलच्या नावावरून नको. ज्या पिढीच्या गोल्फ आणि ऑक्टाव्हियावर एमक्यूबी (फोक्सवॅगन समूहाचं सामायिक) चॅसिस आहे, त्यांत पुढच्या स्ट्रटचा व्यास ५० मिमी किंवा ५५ मिमी असू शकतो आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई) किंवा मल्टिलिंक. चुकीचा सेट आला तर तो बसतच नाही आणि परत पाठवायचा खर्च आपल्याच माथी येतो. गाडीखाली जाऊन व्हर्निअरने व्यास मोजून घ्या.

गाडीला इलेक्ट्रॉनिक डॅम्पर (विजेवर कडकपणा बदलणारे शॉक) असतील तर ते काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यासाठीचं मॉड्यूल सेटमध्ये आहे का ते विचारा.

भाव विचारताना कस्टम्स, जीएसटी आणि वाहतूक धरून घरपोच किंमत विचारा. त्यात आणखी धरा: नवे टॉप माउंट आणि त्यांची बेअरिंग, धुळीचे रबर, लिंक रॉड, एकदाच वापरायचे बोल्ट, मजुरी आणि दोन वेळचं अलाइनमेंट. मग एक शेवटचा प्रश्न, ज्याच्या उत्तरावर मी सेट नाकारले आहेत: सील गेला तर एकच शॉक सुटा मिळतो का, आणि तो भारतात उघडून दुरुस्त होतो का? दोन्हींना "नाही" असेल तर तो सेट रोजच्या गाडीसाठी नाही.

वापरलेले सेट स्वस्त मिळतात. आटे फिरतात का, दांड्यावर ओरखडे आहेत का, सीलपाशी तेल आहे का हे हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

९. बसवणं

गॅरेज निवडताना मेस्त्रीला एकच गोष्ट विचारा: "आर्मचे बोल्ट शेवटी कधी आवळता?" गाडी चाकांवर उभी असताना किंवा जॅकने आर्म तेवढ्या उंचीला आणून, असं उत्तर आलं तर काम निर्धास्त सोपवा. गाडी लिफ्टवर लोंबत असतानाच आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात, गाडीची उंची खोटी दिसते आणि बुश थोड्याच महिन्यांत फाटतात. बसवण्यातली ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

लागणारी हत्यारं: टॉर्क रेंच, स्प्रिंग कंप्रेसर, दोन सी-स्पॅनर, आतून-बाहेरून एकाच वेळी धरायचा स्ट्रट सॉकेट, गंज सोडवणारा स्प्रे, टेप. मूळ स्ट्रट उघडायचा असेल तर स्प्रिंग कंप्रेसरशिवाय वरच्या नटला हात लावू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेततं. हे काम घरी, पोर्चमध्ये करायचं नाही.

बसवण्याआधी आट्यांवर अँटी-सीझ ग्रीस लावा. डाव्या-उजव्या रिंगा सारख्या उंचीवर ठेवा आणि सुरुवात मूळ उंचीपेक्षा १५ ते २० मिमी खाली, एवढ्यावरच करा. मॅकफर्सनच्या गाडीत फार खाली गेलात तर लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसतो. तिथून वळणावरची झुकण्याची प्रवृत्ती उलट वाढते आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढ खातं. आर्म आडवा किंवा किंचित खाली उतरता दिसेल इथवरच थांबा.

बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का, टायर शॉकच्या अंगाला लागतो का ते बघा. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान भरूनही एकदा बघा. चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान, नारळ आणि घरची चार माणसं घेऊन गाडी निघते तेव्हा मागची चाकं किती आत जातात, ते रिकाम्या गाडीवरून कळत नाही.

१०. अलाइनमेंट आणि हेडलाइट

बसवल्याच्या दिवशीच एक अलाइनमेंट करा, नाहीतर टायर खातात. स्प्रिंग काही मिलिमीटर बसतात, त्यामुळे पाचशे-सातशे किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा, सगळे बोल्ट टॉर्कवर तपासा आणि दुसरं अलाइनमेंट करा. रोजच्या गाडीला पुढे उणे एक ते दीड अंश कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) चालतो. टायर आतून खाण्याचा दोष लोक कॅम्बरवर ढकलतात, पण बहुतेक वेळा चुकलेला टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) त्याला जबाबदार असतो.

हेडलाइटची दिशा नव्याने लावून घ्या. गाडीला आपोआप उंची जुळवणारे दिवे असतील तर त्यांचा सेन्सर आर्मला जोडलेला असतो, त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. काचेवरचा कॅमेरा किंवा पुढचा रडार असेल तर त्याचंही.

११. क्लिक लावणं

पुस्तिकेत क्लिक कुठल्या टोकापासून मोजायचे ते बघा, बहुतेक ठिकाणी पूर्ण कडकपासून मागे. सगळं मध्यावर ठेवा. घराजवळचा एक ठरावीक फेरा निवडा ज्यात खड्डा, गतिरोधक, वळण आणि थोडा गुळगुळीत रस्ता असेल, आणि दर वेळी त्याच फेऱ्यावर, त्याच वेगाने, एका वेळी एकाच टोकाचे दोन क्लिक बदला. वहीत लिहा.

गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा उसळत राहिली तर रिबाउंड कमी आहे, दोन क्लिक वाढवा. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली बसत जाऊन आपटायला लागली तर रिबाउंड जास्त आहे, कारण स्प्रिंगला परत यायला वेळच मिळत नाही. बारीक खड्ड्यात दातांना कंप जाणवत असेल आणि कम्प्रेशनचा वेगळा नॉब असेल तर तो कमी करा. स्प्रिंग मुळातच कडक असेल तर नॉब कितीही मऊ केला तरी आराम येत नाही, उलट गाडी उसळते. अशा वेळी स्प्रिंग बदलायची.

जून ते सप्टेंबर मी रिबाउंड दोन क्लिक कमी ठेवतो. ओल्या रस्त्यावर टायर जमिनीला जास्त चिकटून राहतो आणि पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यांचा घाव कमी बसतो.

१२. देखभाल

पावसाळ्यात दर पंधरवड्याला साध्या पाण्याने चाकामागचा भाग धुवा. प्रेशर वॉशरची धार सीलवर मारू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा गाडी लिफ्टवर घेऊन आटे ब्रशने साफ करा, रिंग कुठे आहे ते मोजून घ्या, एक फेरा सोडवून पुन्हा जागेवर आणा आणि ग्रीस लावा. क्लिकचे नॉब पूर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत आपल्या आकड्यावर ठेवा, म्हणजे तेही जाम होत नाहीत. शॉकच्या दांड्यावर तेलाची पातळ ओल दिसली तर तारीख लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत ती ओघळ झालेली असेल तर तो शॉक लगेच काढून दुरुस्तीला पाठवा आणि तोवर त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना माळ्यावरचे मूळ शॉक-स्प्रिंग लावा.